दोन मोटरींची खडकचढी गाडी : विजेची आणि नियंत्रणाची जुळणी

दूरनियंत्रित खेळण्यांमध्ये वेगाला नेहमीच मान मिळत आला आहे. सपाट धावपट्टीवरून सणसणत जाणारी मोटार किंवा पाणी कापत निघालेली होडी पाहणाऱ्याला चटकन भुरळ घालते. खडकचढी गाडी, जिला जगभर 'रॉक क्रॉलर' या नावाने ओळखतात, ती मात्र वेगाच्या नेमकी उलट दिशेने विकसित झाली. माणूस चालतो त्याहूनही सावकाश चालायचे, आपल्या चाकापेक्षा उंच दगडावर चढायचे, आणि उलटून न पडता पलीकडे उतरायचे, एवढेच तिचे काम. हे काम वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात धावणाऱ्या गाडीपेक्षा या संथ गाडीची विद्युत् जुळणी अधिक विचार मागते, कारण येथे मोटरी जवळजवळ अडलेल्या अवस्थेत काम करतात, आणि मोटरीला याहून कष्टाची दुसरी अवस्था नाही.

प्रत्येक चाकाला किंवा प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर देण्याची कल्पना खेळण्यांच्या जगात जन्मली असे नव्हे. 1970 च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रावर उतरलेल्या सोव्हिएत 'लुनोखोद-1' या गाडीला आठ चाके होती आणि प्रत्येक चाकाला आपली मोटर होती. 2023 च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलेल्या भारतीय 'प्रज्ञान' या गाडीची सहा चाकेही स्वतंत्र मोटरींनीच फिरली. छांदिष्टांच्या जगात ही रचना लोकप्रिय करण्याचे श्रेय बव्हंशी जपानच्या तामिया कंपनीने 1987 साली बाजारात आणलेल्या 'क्लॉड बस्टर' या गाडीला द्यावे लागेल. अजस्र चाकांच्या या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसावर एकेक मोटर थेट बसवलेली होती, आणि चारही चाके वळवता येत असत. ती खडक चढण्यासाठी बनवलेली नव्हती. परंतु पुढे अमेरिकेतील छांदिष्टांनी तिचे आस काढून घेऊन त्यांवर आपापले सांगाडे उभारले, आणि खडकचढी गाड्यांची एक शाखाच त्यातून फुटली.

या रचनेचा लाभ काय? एकाच मोटरीच्या गाडीत मोटर मध्यभागी, उंचावर असते आणि फिरत्या दांड्यांमधून शक्ती दोन्ही आसांकडे जाते. चढावर जोर लागला की त्या दांड्यांच्या पिळामुळे सांगाडा एका बाजूला कलतो. मोटर आसावरच बसवली की हा पीळ सांगाड्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मोटरीचे वजन जमिनीलगत राहिल्याने गाडी सहजी उलटत नाही. याची किंमतही मोजावी लागते. पुढची आणि मागची चाके आता कोणत्याही दंतचक्राने एकमेकांशी बांधलेली नसतात. त्यांना बांधून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे वीज. म्हणून तारा कशा जोडल्या यावर सारे अवलंबून असते.

एकसर की समांतर

दोन मोटरी एका वेगनियंत्रकाला जोडण्याचे दोन मार्ग आहेत. एकसर जोडणीत प्रवाह एका मोटरीतून निघून दुसरीत जातो. समांतर जोडणीत दोन्ही मोटरी नियंत्रकाच्या त्याच दोन टोकांना स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात. शाळेतल्या पदार्थविज्ञानात दिव्यांच्या उदाहरणाने हा भेद शिकवला जातो. मोटरीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट अधिक ध्यानात घ्यावी लागते. फिरणारी मोटर ही त्याच वेळी एक जनित्रही असते. ती जितक्या वेगाने फिरते तितका विरोधी विद्युत्‌दाब निर्माण करते, आणि बाहेरून येणाऱ्या दाबातून तो वजा होतो. उरलेला दाब मोटरीच्या रोधातून प्रवाह ढकलतो. फिरवण्याचा जोर मिळतो तो या प्रवाहामुळे.

समजा, घटमालेचा दाब 11.1 व्होल्ट आहे आणि प्रत्येक मोटरीचा रोध 0.4 ओहम आहे. गाडी दगडावर चढत असताना पुढची चाके हवेत उचलली गेली. हवेतल्या चाकांना फिरवण्यास फक्त घर्षणापुरता, म्हणजे सुमारे 1 अँपिअर प्रवाह पुरतो. मोटरी एकसर जोडलेल्या असतील तर दोघींतून प्रवाह एकच वाहणार, म्हणजे मागच्या मोटरीलाही तेवढाच 1 अँपिअर मिळणार. गाडीचा सगळा भार आता मागच्या चाकांवर आहे, पण त्यांच्या वाट्याला आला केवळ 0.4 व्होल्ट दाब. ती हलतही नाहीत. बाकीचे जवळजवळ सगळे व्होल्ट हवेत भिरभिरणाऱ्या पुढच्या मोटरीने खाऊन टाकलेले असतात. रस्त्यावरच्या मोटारीचे एक चाक चिखलात रुतले म्हणजे डिफरन्शियलमुळे तेच गरगरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते, तसाच हा प्रकार. एकसर जोडणी हा एका अर्थाने विजेचा डिफरन्शियलच होय.

समांतर जोडणीत चित्र पालटते. पुढची मोटर आपला 1 अँपिअर घेते आणि मागची मोटर भाराच्या मानाने, समजा, 10 अँपिअर घेते. मागच्या मोटरीच्या रोधात 4 व्होल्ट खर्ची पडले तरी 7.1 व्होल्टांच्या विरोधी दाबाइतक्या वेगाने ती फिरत राहते आणि गाडी वर सरकते. खडकचढीसाठी समांतर जोडणीच योग्य ठरते ती यामुळे. काही छांदिष्ट बॅटरी अधिक काळ टिकते म्हणून एकसर जोडणीचा पुरस्कार करतात. बॅटरी अधिक टिकते हे खरे आहे, परंतु गाडी चढत नाही तेव्हाही बॅटरी टिकतेच.

तरीही समांतर जोडणी सर्व दोषांवरचा उतारा नव्हे. वरील हिशेब पूर्ण दाबाचा आहे. चालक चाप अगदी थोडा दाबून मोटरींना सरासरी 2.8 व्होल्टच देत असेल, तर अडलेल्या मोटरीतून फार तर 7 अँपिअर प्रवाह वाहू शकतो. चढासाठी 10 अँपिअर लागत असतील तर मागची चाके स्थिर राहतात आणि हवेतली पुढची चाके फिरत राहतात. मग चालक चाप आणखी दाबतो, मागची चाके एकदम जोर धरतात आणि गाडी उसळून दगडावरून खाली येते. या उसळीवर खरा उपाय दंतचक्रांत आहे. दंतचक्रांचे गुणोत्तर दुप्पट केले की चाकावर तोच जोर मिळवण्यासाठी मोटरीला निम्माच प्रवाह लागतो. निम्म्या प्रवाहाने रोधात हरवणारा दाबही निम्मा होतो, आणि भारलेल्या व मोकळ्या आसांच्या वेगांतला फरक घटतो. गाडीचा वेग कमी होतो खरा. अधिक व्होल्टांची घटमाला वापरून तो बराचसा परत मिळवता येतो. म्हणून अनुभवी माणसे मोठे गुणोत्तर आणि तीन घटांची माला ही जोडी पसंत करतात.

मोटर निवडताना वेढ्यांची संख्या पाहिली जाते. कार्बन ब्रशच्या सर्वपरिचित '540' आकाराच्या मोटरीत 35, 45 किंवा 55 वेढ्यांचे प्रकार खडकचढीसाठी वापरात आहेत. वेढे जितके अधिक, तितका दर व्होल्टमागे वेग कमी आणि दर अँपिअरमागे जोर अधिक. दोन्ही मोटरी एकाच प्रकारच्या आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. एक जुनी झिजलेली आणि एक नवी अशी जोडी लावली की एक आस दुसऱ्याला ओढत राहतो.

उलटी मोटर

पुढचा आणि मागचा आस बहुधा एकसारखाच बनवलेला असतो, आणि मागे बसवताना तो फिरवून बसवतात. परिणामी दोन्ही मोटरींच्या लाल तारा एकत्र आणि काळ्या तारा एकत्र जोडल्या तर पुढची चाके पुढे जाऊ पाहतात व मागची मागे. गाडी जागच्या जागी थरथरते आणि काही क्षणांत मोटरी तापून वास येऊ लागतो. यासाठी एका मोटरीच्या तारांची अदलाबदल करावी लागते. हे काम प्रेषकावरील दिशाबदलाच्या कळीवर सोपवू नये, तारांमध्येच करावे.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. काही मोटरींचे ब्रश एका दिशेने अधिक वेग मिळावा म्हणून किंचित पुढे सरकवून बसवलेले असतात. अशी मोटर उलट्या दिशेने फिरवली की ठिणग्या वाढतात, ती तापते आणि तिचा वेग दुसरीपेक्षा वेगळा पडतो. दोन मोटरींच्या गाडीत एक मोटर कायमच उलटी फिरणार असल्याने ब्रश शून्य अंशावर, म्हणजे मध्यावर असलेल्या मोटरीच घ्याव्यात.

ब्रशपाशी उडणाऱ्या ठिणग्या रेडिओ संदेशात गोंगाट मिसळतात. त्यावर 0.1 मायक्रोफॅरडची तीन सिरॅमिक धारित्रे बसवण्याची रीत आहे : एक दोन्ही टोकांच्या मध्ये, आणि प्रत्येक टोक व मोटरीचे धातूचे कवच यांच्या मध्ये एकेक. मोटर एकाच दिशेने फिरवणाऱ्या नियंत्रकांबरोबर पूर्वी शॉट्की डायोडही जोडला जात असे. मागे-पुढे चालणाऱ्या नियंत्रकाला तो कधीही जोडू नये. गाडी मागे घेताच तो डायोड सरळ वाट मोकळी करून देतो, आणि त्या लघुमंडलात नियंत्रक जळून जातो. जुन्या संचातील मोटर काढून नव्या गाडीत बसवणाऱ्यांनी तिच्या पाठीवर असा डायोड राहिला नाही ना, हे अवश्य पाहावे.

नियंत्रकाची क्षमता

इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक बॅटरीचा दाब सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. जोडलेला काळ जितका अधिक, तितका मोटरीला मिळणारा सरासरी दाब अधिक. चालकाचा आदेश त्याला ग्राहीकडून विजेच्या ठोक्यांच्या रूपाने मिळतो. ठोका 1.5 मिलिसेकंदाचा असेल तर थांब, 2 मिलिसेकंदांच्या जवळ असेल तर पुढे, 1 मिलिसेकंदाच्या जवळ असेल तर मागे, असा हा सामान्य संकेत आहे.

आधीच्याच उदाहरणातील 0.4 ओहम रोधाची मोटर 11.1 व्होल्टांवर पूर्ण अडली तर तिच्यातून सुमारे 28 अँपिअर वाहतात. दोन मोटरी समांतर असल्याने एकूण 56. म्हणजे या दोन मोटरींना एकच नियंत्रक लावायचा तर तो किमान 60 अँपिअर सोसणारा हवा, आणि त्यावर दोन मोटरींची परवानगी स्पष्ट लिहिलेली हवी. ब्रशविरहित मोटरींच्या बाबतीत तर एका नियंत्रकावर दोन मोटरी चालवताच येत नाहीत. तेथे प्रत्येकीला आपापला नियंत्रक द्यावाच लागतो.

ब्रशच्या मोटरींनाही दोन स्वतंत्र नियंत्रक देण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिच्यामुळे गाडीला एक नवीच कला अवगत होते. मागचा आस जागच्या जागी रोखून फक्त पुढची चाके चालवली की गाडी मागच्या चाकांभोवती गिरकी घेते आणि अरुंद खाचेतही वळते. यासाठी प्रेषकावर किमान तीन वाहिन्या आणि मिश्रणाची सोय हवी. एरवी मागच्या नियंत्रकाची वाहिनी पुढच्या वाहिनीच्या मागोमाग चालते. कळ फिरवली की मिश्रण शून्यावर येते आणि मागचा आस थांबतो. मिश्रणाची टक्केवारी थोडी बदलून पुढचा आस मागच्यापेक्षा किंचित वेगाने ठेवता येतो, त्यामुळे चढावर गाडी ताणलेली राहते.

आस थांबतो म्हणजे नेमके काय होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. चाप सोडताच नियंत्रक मोटरीची दोन टोके एकमेकांना जोडतो. मोटर फिरू लागली तर ती जनित्र बनते, आणि तिचाच प्रवाह तिला रोखतो. परंतु हा रोध फिरल्यावरच जन्माला येतो. म्हणून उभ्या चढावर सोडलेली गाडी पूर्ण स्थिर राहत नाही, गोगलगायीच्या गतीने खाली सरकत राहते. यात नियंत्रकाचा दोष नाही. ओढ-ब्रेक शंभर टक्क्यांवर ठेवूनही सरकणे जलद वाटत असेल, तर दंतचक्रांचे गुणोत्तर वाढवावे.

दुर्लक्षित दुवा

खडकावरून गाड्या पडण्याचे खापर सहसा चालकाच्या हातावर फुटते. पुष्कळदा दोष असतो सुकाणू फिरवणाऱ्या सर्व्होच्या वीजपुरवठ्यात. दोन दगडांच्या फटीत अडकलेले चाक वळवण्यासाठी या सर्व्होला 20 किलोग्रॅम-सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक जोर लावावा लागतो, आणि पूर्ण अडलेला असा सर्व्हो काही अँपिअर प्रवाह सहज ओढतो. त्याला आणि ग्राहीला 5 किंवा 6 व्होल्टांचा पुरवठा वेगनियंत्रकाच्या पोटातील एक छोटे मंडल करते. त्याला छांदिष्ट 'बीईसी' म्हणतात.

स्वस्त नियंत्रकांतील हे मंडल रेषीय पद्धतीचे असते. जास्तीचा दाब ते उष्णता म्हणून फेकून देते. तीन घटांची माला पूर्ण भरलेली असताना 12.6 व्होल्ट देते. त्यातून 5 व्होल्टांवर 2 अँपिअर घेतले तर उरलेले 7.6 व्होल्ट गुणिले 2, म्हणजे 15 वॅटांहून अधिक उष्णता नखाएवढ्या भागात निर्माण होते. डाख देण्याचे लहान यंत्र एवढ्याच शक्तीवर चालते. मंडल तापते, स्वसंरक्षणासाठी बंद पडते, ग्राहीचा दाब कोसळतो, आणि ग्राही क्षणभर मूर्च्छित होतो. त्या क्षणी गाडी कड्याच्या टोकावर असेल तर पुढे सांगायला नको. तीन घटांच्या मालेवर स्पंद-पद्धतीचे बीईसीच वापरावे. ते दाब उष्णतेत उधळत नाही. नियंत्रकात ते नसेल किंवा अपुरे असेल तर निदान 5 अँपिअरांचे स्वतंत्र बीईसी घटमालेला थेट जोडावे. सर्व्हो सोसत असेल तर 6 व्होल्ट द्यावेत, त्यापेक्षा जास्त नव्हे. सर्व्होवर छापलेली मर्यादा हीच शेवटची आज्ञा.

दोन नियंत्रक असलेल्या गाडीत दोन बीईसी एकाच ग्राहीला एकदम वीज पुरवू पाहतात. त्यांचे दाब तंतोतंत सारखे नसतात, आणि एक दुसऱ्याच्या कामात अडथळा आणतो. म्हणून एका नियंत्रकाच्या तीन तारांच्या जोडामधून मधली लाल तार टाचणीने अलगद सोडवून, चिकटपट्टीने बांधून बाजूला ठेवावी. स्वतंत्र बीईसी बसवले असेल तर दोन्ही नियंत्रकांच्या लाल तारा सोडवाव्यात. काळी तार मात्र कधीही काढू नये. संदेशाचा ठोका मोजण्याचा पाया तीच असते.

घटमाला

1980 च्या दशकात 7.2 व्होल्टांच्या निकेल-कॅडमियम माला वापरल्या जात. पुढे निकेल-धातू-हायड्राइड माला आल्या. आता त्यांची जागा बव्हंशी लिथियम-पॉलिमर मालांनी घेतली आहे. हलकेपणा हा त्यांचा मोठा गुण आहे. खडकचढीसाठी 2200 मिलिअँपिअर-तासांची छोटी माला पुढच्या आसाजवळ, खाली बसवता येते, आणि चढावर पुढचा भाग हवेत उचलला जाण्याची ओढ कमी होते. सरासरी 4 अँपिअर खर्च धरला तर अशी माला सुमारे 33 मिनिटे चालते. तिच्यावर '25 सी' असे लिहिले असेल तर ती 2.2 गुणिले 25, म्हणजे 55 अँपिअर देऊ शकते असा निर्मात्याचा दावा असतो. हा आकडा उदारपणे छापलेला असण्याचीच शक्यता अधिक, हे ध्यानात ठेवून वरच्या क्षमतेची माला घेणे शहाणपणाचे.

या मालेची शिस्त कडक आहे. प्रत्येक घट 4.2 व्होल्टांपलीकडे भरू नये आणि 3 व्होल्टांखाली उतरू देऊ नये. म्हणून नियंत्रकातील कमी-दाब-बंदी चालू आहे, आणि ती लिथियमसाठीच लावलेली आहे, याची खात्री करावी. दोन नियंत्रक असतील तर दोहोंची मर्यादा सारखी ठेवावी. अन्यथा एक आस आधी मरतो आणि दुसरा अर्धमेल्या गाडीला ओढत राहतो. घट संतुलित करणाऱ्या चार्जरनेच माला भरावी, 2200 च्या मालेला 2.2 अँपिअरांहून अधिक प्रवाह देऊ नये, आणि भरताना ती फरशीवर, पडदे-कागदांपासून दूर, नजरेसमोर ठेवावी. काही दिवस वापर नसेल तर दर घटाला सुमारे 3.8 व्होल्ट ठेवून ती साठवावी. फुगलेली माला पुन्हा वापरू नये. लिथियमची आग विझवणे कठीण असते, आणि उन्हात बंद मोटारीत ठेवलेली माला हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात खरा धोका आहे.

घटमाला उलटी जोडली तर नियंत्रक तत्काळ निकामी होतो. म्हणून चुकीच्या बाजूने बसूच शकत नाहीत असे जोड वापरावेत, आणि डाख देताना एका वेळी एकाच तारेचे आवरण सोलावे.

पहिली चाचणी

जुळणी पूर्ण झाली की गाडी थेट जमिनीवर ठेवण्याचा मोह आवरावा. तिचा सांगाडा एखाद्या ठोकळ्यावर टेकवून चारही चाके अधांतरी ठेवावीत. मोटरींच्या तारा प्रथम सुट्याच असू द्याव्यात. आधी प्रेषक सुरू करावा, मग गाडी. बंद करताना क्रम उलटा. आता सर्व्हो मध्यावर आणून सुकाणूची दोन्ही टोके अशी ठरवावीत की चाक अडकल्यावर सर्व्हो कण्हत राहणार नाही. नंतर नियंत्रकाला मध्य, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे या तीन स्थिती शिकवाव्यात. दोन नियंत्रक असतील तर दोघांना हा धडा एकाच प्रेषकावर, चापाच्या त्याच मर्यादांसह द्यावा.

यानंतर फक्त पुढची मोटर जोडून चाके पुढे फिरतात ना, ते पाहावे. ती काढून फक्त मागची जोडावी. उलटी फिरली तर तिच्या तारा बदलाव्यात. दोन्ही दिशा जुळल्याशिवाय दोन्ही मोटरी एकत्र जोडू नयेत. मग चाप अगदी हळू दाबत, दोन्ही आस एकाच क्षणी हलू लागतात की एक मागे राहतो, हे निरखावे. शेवटी प्रेषक मुद्दाम बंद करावा. चाके थांबली पाहिजेत. ती फिरतच राहिली तर संदेश तुटल्यावर काय करायचे हे ग्राहीला शिकवायचे राहून गेले आहे, आणि ते शिकवून होईपर्यंत गाडी ठोकळ्यावरून उतरवता कामा नये.

पहिल्या फेरीसाठी गुडघ्याएवढा दगड पुरे. पाच मिनिटांनी गाडी थांबवून दोन्ही मोटरींना, नियंत्रकाला आणि प्रत्येक जोडाला बोट लावून पाहावे. एखादा जोडच गरम लागला तर डाख नीट बसलेला नाही. एकच मोटर दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर तिच्या आसातील दंतचक्रे घट्ट बसली आहेत, किंवा सांगाड्यावरील वजन एकाच टोकाला जमले आहे. दोन्ही सारख्याच, पण बोट टेकवत नाही इतक्या तापल्या असतील, तर घटमाला बदलण्याआधी दंतचक्रांचे गुणोत्तर वाढवून पाहावे.